एक पातेलं, पाच ताटं

पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे:

"आमच्या घरात पाच माणसं. सासूबाईंना मधुमेह आणि बीपी, दोन्हीच्या गोळ्या चालू. नऊ वर्षांच्या धाकटीला चार महिन्यांपूर्वी सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचं निदान झालं, म्हणजे तिचा गहू कायमचा बंद. ह्यांना दूध प्यायलं की पोट फुगतं, म्हणून बदामाचं दूध आणते. शिवाय कोलेस्टेरॉलच्या भीतीने त्यांनी अंडीही सोडलीत, तपासणी मात्र एकदाही केलेली नाही. थोरला चौदाचा. त्याला पथ्य काही नाही, नुसती भूक. मी रोज तीन पातेली चढवते. ग्लुटेनमुक्त ब्रेड, ग्लुटेनमुक्त बिस्किटं, सासूबाईंची शुगर-फ्री बिस्किटं, बदामाचं दूध यांतच पैसे जातात आणि वीस तारखेपासून ओढाताण सुरू होते. जाऊबाई म्हणतात, सगळ्यांनीच गहू सोडा, एकच स्वयंपाक होईल आणि तब्येतीलाही चांगलं. सोडू का? मी काय खाते विचाराल तर, जे उरेल ते. हल्ली जिना चढताना धाप लागते, पण ते दगदगीने असेल."

ताई,

दगदगीने असेलही. पण सिलिॲक झालेल्या मुलीच्या आईला धाप लागते हे वाक्य वाचून मी तरी ते दगदगीवर सोडून देणार नाही. हा आजार घराण्यात चालतो. मुलीला निघाला की आईवडिलांना आणि सख्ख्या भावंडांना तो असण्याची शक्यता चारचौघांपेक्षा जास्त असते, आणि मोठ्या माणसांत तो पुष्कळदा पोटदुखीच्या रूपात येतच नाही. लोह कमी पडणं, रक्त उतरणं, एवढीच खूण दिसते. तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीटीजी-आयजीए (सिलिॲक ओळखायची रक्ततपासणी) या तीन तपासण्यांचं विचारा. शेवटची तपासणी तुमच्या मिस्टरांची आणि थोरल्याचीही करून घ्या. ज्या पोट फुगण्याचं खापर दुधावर फोडलं जातंय, त्यामागे दूधच आहे हे कुणी ठरवलं?

जावेला उत्तर इथेच मिळतं. टीटीजीची तपासणी खरं बोलते ती माणूस रोज गहू खात असताना. आज सगळ्यांनी गहू सोडला आणि दोन-तीन महिन्यांनी तपासणी केली, तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. मग पुन्हा काही आठवडे गहू खायला लावून सगळं पहिल्यापासून. म्हणून रक्त देईपर्यंत तुम्हा तिघांचा गहू बंद करायचा नाही.

'तब्येतीलाही चांगलं' याबद्दल थोडं परखड बोलते. ज्याला सिलिॲक नाही, गव्हाची ॲलर्जी नाही, त्याने गहू सोडून ग्लुटेनमुक्त पाकिटं खाल्ली तर फायदा कुठला होतो हे मला अजून कळलेलं नाही. त्या ब्रेडचा घटकपदार्थांचा रकाना वाचा: तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, टॅपिओका, साखर, तेल. साध्या ब्रेडपेक्षा त्यात बहुतेकदा प्रथिनं कमी. धाकटीची ती निकड आहे. सासूबाईंनी तेच खाल्लं तर त्यांची साखर उलट चढू शकेल.

मात्र जाऊबाईंचं एक बरोबर आहे. स्वयंपाक एकच हवा. तो गहू सोडून जमवायचा की पथ्यं नीट वेगवेगळी करून, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडे गडबड होते ती इथे. घरातलं प्रत्येक पथ्य आपण सारख्याच धाकाने पाळतो. खरं तर तुमच्या घरात चार जातींची पथ्यं आहेत. धाकटीचं पथ्य अढळ आहे, कणभरही सूट नाही. सासूबाईंचं पथ्य मापाचं आहे: काय खाल्लं यापेक्षा किती खाल्लं याला महत्त्व. मिस्टरांच्या दुधाचं पथ्य (दूधच कारण निघालं तर) सोसेल तिथपर्यंतचं आहे. आणि त्यांच्या अंड्यांचं पथ्य निव्वळ ऐकीव. अढळ पथ्य स्वयंपाकघरात पाळायचं, मापाचं ताटात, सोसण्याचं त्या माणसाने स्वतः अजमावून बघायचं आणि ऐकीव पथ्य तपासणी होईपर्यंत खुंटीला टांगायचं. तीन पातेली चढतात ती मापाचं पथ्यही चुलीवर पाळायला गेल्यामुळे.

आता अढळ पथ्याचं, कारण त्यात चुकायला जागा नाही.

गहू, बार्ली आणि राय नावाचं धान्य, या तिन्हींत ग्लुटेन असतं. उकळून, तळून, भाजून ते नष्ट होत नाही, त्यामुळे 'कढईत टाकलं की काही राहत नाही' हे जंतूंना लागू आहे, ग्लुटेनला नाही. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० साली आपल्या प्रबंधात या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध मांडला. त्यांना संशय आधीपासून होता. युद्धाच्या शेवटच्या, १९४४-४५ च्या हिवाळ्यात देशात उपासमार असताना, ब्रेड मिळेनासा झालेला असताना ही आजारी मुलं सुधारली, आणि ब्रेड परत आला तशी पुन्हा खालावली. हे सांगायचं कारण असं की त्या मुलांसाठी कुठलंही खास पाकीट बाजारात नव्हतं. त्यांना बरं वाटलं ते गहू नसल्यामुळे.

तुमच्या धाकटीच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा. तांदूळ, बटाटे, मका, डाळी, कडधान्यं, अंडी, दूध, दही, भाज्या, फळं, शेंगदाणे, मासे, मांस यांत मुळातच ग्लुटेन नाही. त्यांवर 'ग्लुटेनमुक्त' असा शिक्का शोधायची आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. शिक्का हवा तो पिठांवर, कारण एकाच गिरणीत आधी गहू दळलेला असतो. ओट्सवर हवा, कारण शेतापासून गोदामापर्यंत ते गव्हाबरोबर फिरतात; शिवाय ओट्स तिच्या आहारात आणायचे की नाही हे आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. आणि हवा तो तयार मिश्रणांवर: सूपची पाकिटं, सॉस, मसाल्यांची मिश्रणं. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. माल्ट म्हणजे बहुतेकदा बार्ली, त्यामुळे चॉकलेटी चवीची बरीचशी पावडर-पेयंही बाद. आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. मर्यादा किती बारीक आहे बघा, आणि मग आपल्या ओट्यावर नजर टाका.

ओट्यावर खरी जोखीम असते ती चाळणीची. गव्हाचं पीठ चाळलेल्या चाळणीच्या जाळीत पीठ अडकून राहतंच, कितीही धुवा. तिची चाळणी वेगळी. टोस्टर वेगळा, किंवा तिच्यापुरता टोस्टर नकोच, तव्यावर भाजा. लाकडी चमचे आणि लाटणं वेगळं. लोणी-जॅमची बाटली वेगळी, कारण थोरला ब्रेडवर फिरवलेली सुरी परत बाटलीत घालणार, चौदा वर्षांची मुलं ते करतातच. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की पुरे, दुसरा संच नको. गव्हाचं पीठ हाताळायचं असेल तर तिचा डबा आधी भरून, झाकण लावून बाजूला ठेवा. उडालेलं पीठ बराच वेळ हवेत असतं. एवढ्याने भागतं. एक चाळणी आणि दोन चमचे यांचा खर्च एकदाच होतो, बिस्किटांचा दर आठवड्याला.

आता सामायिक पातेलं. एक जेवण पूर्ण करून दाखवते, बाकीची तुम्ही माझ्यापेक्षा चांगली लावाल.

पाच माणसांना ३०० ग्रॅम मसूर. ताटात पसरून निवडायचे, आणि हे निवडणं खड्यांसाठी नाही: डाळी-कडधान्यांत गव्हाचा एखादा दाणा कधीकधी सापडतो. मग दोन-तीन पाण्यांत धुवायचे. त्यात गाजर किंवा भोपळा आणि एखादी पालेभाजी भरपूर, कांदा, लसूण, टोमॅटो. मीठ मात्र तुमच्या नेहमीच्या निम्मं. एवढ्या मसुरांत सुमारे ७२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे माणशी चौदा. धाकटीची दिवसभराची गरज, तिच्या वजनाप्रमाणे, पंचवीस-तीसच्या आसपास असेल. जवळजवळ निम्मी एका वाढणीत झाली. शेजारी भात. एका भांड्यात उकडलेली अंडी, एका ताटलीत कच्च्या भाज्या आणि लिंबाच्या फोडी. चुलीवरचं काम संपलं. यात गहू कुठेच नाही आणि तो 'नाही' असं कुणाला जाणवतही नाही.

पुढचं सगळं ताटात. सासूबाईंचं अर्धं ताट भाज्यांचं, पाव मसूर-अंड्याचं, पाव भाताचं. भात शेवटी वाढा. आधी भाजी-डाळ खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी उसळते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि तसं करायला पैसे पडत नाहीत. एक सावधगिरी: त्या इन्सुलिन घेत असतील किंवा त्यांच्या गोळ्यांपैकी एखादी साखर झपाट्याने उतरवणारी असेल, तर भात एकदम कमी करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात पाव, सॉस, खारवलेलं सगळं धरून. त्यामुळे निम्म्या मिठाचं पातेलं घरातल्या सगळ्यांनाच चालेल. ज्याला अळणी लागेल त्याने लिंबू पिळावं, मिरपूड घालावी. सासूबाईंना 'कमी सोडियमचं मीठ' मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड थकलेलं असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

थोरल्याचा भात मोजू नका. त्याला बटाटा, अंडं, मूठभर शेंगदाणे, दही, सगळं वाढतं. सकाळी त्याला साधा गव्हाचा ब्रेड खाऊ दे, ओट्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात, आणि खाऊन झाल्यावर तो कोपरा त्यानेच पुसायचा. बहिणीच्या आजारात त्याच्या वाटणीचं एवढं काम असायलाच हवं.

आणि तुमचं ताट याच वेळी, या सगळ्यांबरोबर. उरेल ते नव्हे. लोह कमी निघालं तर मसुरांवर लिंबू पिळून घ्या, कारण क जीवनसत्त्वाने डाळी-पालेभाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणाला लागून चहा-कॉफी नको, त्याने उलट होतं. पण रक्त खूपच उतरलेलं असेल तर आहाराने भरून निघणार नाही, गोळ्या लागतील. त्यात कमीपणा मानू नका.

दुधाचं थोडक्यात. टीटीजी ठीक आली आणि कारण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, असेल, तर ती ॲलर्जी नव्हे. ती साखर पचवणारं विकर कमी पडतं इतकंच. अशी पुष्कळ माणसं जेवणाबरोबर कपभर दूध पचवतात, दही तर त्याहून सहज. मिस्टरांनी अर्ध्या कपापासून स्वतः अजमावून बघावं. बदामाच्या दुधाच्या कपात साधारण ग्रॅमभर प्रथिनं असतात, गायीच्या दुधात आठ. बाकी बहुतांश पाणीच. एवढे पैसे पाण्याला द्यायचे का, हे तुम्हीच ठरवा. आणि अंडी: निरोगी माणसाला दिवसाला एक अंडं सहसा बाधत नाही. कोलेस्टेरॉलची शंका असेल तर लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्यावं. रक्त द्यायला जाणारच आहेत.

उरला पैशाचा हिशेब. मागच्या महिन्याच्या पावत्या काढा आणि तीन भाग पाडा. मुळातच सगळ्यांना चालणारं सामान एकीकडे. कशाच्या तरी बदल्यात आणलेलं दुसरीकडे: ब्रेड, बिस्किटं, बदामाचं दूध, शुगर-फ्री. तिसरा भाग पावतीवर दिसत नाही, तो टाकून दिलेल्याचा. तीन पातेल्यांचं तीन तऱ्हेचं उरतं आणि ते एकमेकांना चालत नाही, मग जातं कचऱ्यात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नापैकी सुमारे १९ टक्के वाया गेलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त घराघरांतून. माझा अंदाज, तुमच्या वीस तारखेचं कोडं दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात सुटेल.

दुसऱ्या भागातलं शुगर-फ्री बिस्किट आजच बंद करा. साखर नसली तरी मैदा आणि तूप-तेल आहेच, आणि 'आपल्याला चालतं' म्हणून सासूबाई दोनाऐवजी पाच खात असतील. चहाबरोबर मूठभर भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे द्या. ते धाकटीलाही चालतील, फक्त कुठे भाजले ते बघून घ्या. ग्लुटेनमुक्त ब्रेड शाळेच्या डब्यापुरता ठेवायचा असेल तर ठेवा, पण आल्या आल्या फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तेवढाच काढा. तो लवकर कोरडा पडतो आणि अर्धा फेकला जातो. एक खर्च मात्र कापू नका. वर्गातल्या मुलांचे वाढदिवस असतात, तेव्हा तिच्यासाठी एक खरोखर छान गोड पाकीट घरात ठेवलेलं असू दे. नऊ वर्षांच्या मुलीने दर वेळी केकला नाही म्हणून कोपऱ्यात बसायचं, ही काटकसर नव्हे.

वाचलेल्या पैशांतून भाज्या-फळं वाढवा. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम सांगितली जातात, आणि घरात पैसे कमी पडले की पहिली कात्री यांनाच लागते. हंगामातल्या घ्या, नाहीतर गोठवलेल्या घ्या. गोठवलेला मटार ताज्यापेक्षा कमी कसाचा असतो हा गैरसमज आहे. प्रथिनांसाठी खरेदी करताना पाकिटामागचा दर १०० ग्रॅमचा तक्ता बघा आणि १०० ग्रॅमच्या किमतीला त्यातल्या प्रथिनांच्या आकड्याने भागा. कोरडी कडधान्यं जवळजवळ नेहमीच जिंकतात. एका सुट्टीच्या दिवशी दोन तऱ्हेची शिजवून भाग करून गोठवली की आठवडा हलका जातो. राजमा असेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, किमान दहा मिनिटं खळखळून उकळा. मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात. डब्यातली तयार कडधान्यं घेतली तर धुवून घ्या, त्यांतलं मीठ बरंच कमी होतं. उरलेला भात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पुन्हा गरम केला तरी सुरक्षित होत नाही.

धाकटीची टीटीजी साधारण निदानानंतर सहा महिन्यांनी पुन्हा करतात, म्हणजे तुमच्याकडे अजून दोन महिने आहेत. आकडा उतरत असेल तर स्वयंपाकघर बरोबर चाललं आहे. पूर्ण खाली यायला वर्ष किंवा त्याहून जास्तही लागतं, घाबरू नका. उतरत नसेल तर आणखी महागडं पाकीट शोधायला जाऊ नका. पहिला संशय चाळणीवर घ्या, मग जॅमच्या बाटलीवर, आणि मग शाळेत ती मैत्रिणींशी डब्याची अदलाबदल करते का, यावर.